कराचीतला विषमज्वर

पनवेल, ९ जून १९५७

चि. इलियास यास दाजी मास्तरांचे आशीर्वाद.

अमेरिकेतल्या विद्यापीठाने तुला जागा दिली, ही बातमी मला तुझ्याकडून कळायला हवी होती. ती कळली तुझ्या अम्मीकडून, तीही भर बाजारात. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा. त्यांनी मला सांगितलं, ते भाजीवाल्या ठमाबाईने ऐकलं, आणि मी घरी पोचायच्या आत तुझ्या काकूला ते ठाऊक होतं. आमच्याकडे तार ऑफिस उगाच उघडलं आहे.

तर खाऱ्या जमिनीचा अभ्यास करायला तू सातासमुद्रापलीकडे जाणार. खाडीचा बांध फुटून भाताची खाचरं नासलेली पाहतच तू वाढलास. एवढी खारी माती पायाखाली असताना आणखी लांबची चाखायला जाणं मला जरा चैनीचं वाटतं. पण माझं काय ऐकतोस? समुद्र ओलांडणाऱ्याने प्रायश्चित्त घ्यावं, असं सांगणारे ग्रंथ मी शिकलो आहे. ते लिहिणारे कधी साध्या होडीत तरी बसले होते का, याची मला शंका आहे.

आता कामाचं. अम्मी म्हणाल्या, व्हिसासाठी वकिलातीत मुलाखत आहे आणि त्या काळजीने तुझं जेवणावर लक्ष नाही. कारण मी न विचारता ओळखलं. चार वर्षांमागे मामेबहिणीच्या लग्नाला तू कराचीला गेलास. परवानगी तीन महिन्यांची होती आणि परतलास तो संक्रांतीच्या सुमाराला. परक्या मुलखात मुदत संपल्यावरही राहिलेला माणूस दुसऱ्या कोणाला दारात नको असतो. पण तू काही हौसेने राहिला नव्हतास. विषमज्वराने अंथरुणाला खिळलेल्या पोराने आगबोटीवर चढायचं कसं? परत आल्यावर फौजदारांनी तुला हाच प्रश्न विचारला, तेव्हा ठाण्यात जाऊन मीच सांगितलं होतं, “साहेब, हा माझा विद्यार्थी. आजारी होतो म्हणतो, म्हणजे होता.” तेवढ्यावर भागलं होतं.

तेच आता वकिलातीला लिहून देतो. संस्कृतात लिहिलं तर त्यांची पंचाईत होईल, म्हणून इंग्रजी करून हेडमास्तरांकडून तपासून घेईन.

काकू विचारते आहे, अमेरिकेत मऊ भात मिळतो का. तिच्या लेखी तू अजून आजारातून उठतोच आहेस.

तुझा,
दाजी मास्तर


मुंबई, १४ जून १९५७

गुरुजींच्या सेवेशी इलियासचा सलाम.

बातमी मी आधी कळवायला हवी होती, माझी चूक झाली. व्हिसा हातात पडल्यावरच सांगावं, असं मनात होतं.

दाखल्याचा त्रास मात्र आपण घेऊ नये, अशी विनंती आहे. कराचीला गेलो तो पासपोर्ट वेगळा होता. फक्त हिंदुस्थान आणि पाकिस्तान यांच्यापुरता. त्याची मुदतही केव्हाच संपली. आता मिळालेला नवा पासपोर्ट अगदी कोरा आहे. कॉलेजातले मित्र म्हणतात, ज्याची खूण कागदावर नाही ते आपण होऊन कशाला उकरायचं? मलाही तसंच वाटू लागलं आहे. आपलं नाव या भानगडीत एकदा आलं तेवढं पुरे.

काकूंना सलाम सांगावा. माझी तब्येत उत्तम आहे.

आपला आज्ञाधारक,
इलियास


पनवेल, २३ जून १९५७

चि. इलियास यास आशीर्वाद.

तुझं पत्र इतकं नम्र होतं की मी ते दोनदा वाचलं. एवढी नम्रता तुझ्या अंगात शाळेत असती, तर मी तुला बाकावर उभं केलं नसतं.

मित्रांचा सल्ला मला आवडला नाही. लपवण्यासारखं असेल तर माणूस लपवतो, निदान ते समजू शकतं. आजारी पडण्यात कसली चोरी? उद्या कुठून तरी कळलं, तर साधा ताप होता तोही लबाडी ठरेल. तुला मी शब्द चालवायला शिकवले, धातू चालवायला शिकवले. खरं बोलायला वेगळा तास घेतला नाही, कारण त्याची गरज आहे असं कधी वाटलं नाही. विचारतील तेव्हा सरळ सांग.

तुला संकोच वाटतो आहे, हे मला दिसतं. मास्तरांना किती वेळा कामाला लावायचं, असं तुझ्या मनात असणार. म्हणून तुझा संकोच मी बाजूला ठेवला आणि दाखला परस्पर वकिलातीला पाठवून दिला. रजिस्टर केला आहे. तू कराचीत विषमज्वराने आजारी होतास, हे मी माझ्या माहितीने आणि जबाबदारीवर लिहितो, असं त्यात स्वच्छ घातलं आहे. तू सुखरूप घरी येईपर्यंत तुझ्या काकूने अळणी सोमवार धरले होते, हेही लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, “दाजी, हे इंग्रजीत बरं दिसत नाही.” मी म्हटलं, “खरं आहे ना? मग दिसू दे.”

आता पोटभर जेव आणि मुलाखतीला जा.

दाजी मास्तर


मुंबई, ६ जुलै १९५७

गुरुजी,

सलाम करायलाही हात उचलत नाही, म्हणून नुसतंच ‘गुरुजी’ लिहितो.

आपलं मागचं पत्र मुलाखतीच्या दोन दिवस आधी आलं. मी ते उघडलं नाही. ‘दाखला नको’ म्हटल्यावर आपण काय लिहिलं असेल, याची भीती वाटली. पाकीट तसंच कोटाच्या खिशात ठेवलं आणि तोच कोट घालून वकिलातीत गेलो.

साहेब माझ्यापेक्षा फार मोठा नसेल. सभ्य माणूस. शेतीचं विचारलं, घरचं विचारलं, मग म्हणाला, “याआधी दुसऱ्या देशात राहिला आहात?” ‘नाही’ हे उत्तर मी घरून पाठ करून नेलं होतं. पण खिशातलं पाकीट छातीला टोचत होतं. मी ‘हो’ म्हणालो. “परवानगीपेक्षा जास्त?” “हो.” “का?” मी म्हणालो, “नोकरी करत होतो. तिथेच राहावं असं वाटत होतं.”

त्याने माझी फाइल उघडली आणि आपला दाखला काढून समोर ठेवला. आपली सही मी लांबूनही ओळखतो. तो म्हणाला, “तुमचे गुरुजी लिहितात, तुम्हाला विषमज्वर झाला होता. तुम्ही म्हणता, नोकरी करत होतात. मी कोणाचं खरं धरू?”

गुरुजी, मला विषमज्वर झाला नव्हता. साधा तापही आला नव्हता.

लग्न आटोपल्यावर फारूक मामू म्हणाले, “पनवेलला काय ठेवलंय? इथे रहा, मी चिकटवून देतो.” बंदरावरच्या एका कचेरीत त्यांनी मला लावलं. मी इस्त्रीचे कपडे घालून जायचो. हाताखाली एक शिपाई होता, तो मला साहेब म्हणायचा. एकोणीस वर्षांच्या पोराला त्याची भूल पडली. मुदत संपली तेव्हा मामू म्हणाले, पुढे इथलेच कागद करून घेऊ. मी नाही म्हटलं नाही. हे मला आपल्याला सांगायलाच हवं, मी नाही म्हटलं नाही.

आपण कॉलेजात माझी जागा धरून ठेवली होती, म्हणून काहीतरी कारण कळवणं भाग होतं. शेजारी एक मुलगा विषमज्वराने पडला होता. त्याचं दुखणं मी माझ्या नावावर लिहिलं.

मग आपली पत्रं येऊ लागली. पेज कशी करायची, लंघन किती, उठून बसल्यावर पहिला घास कशाचा. मराठी वाचता येणारं घरात मी सोडून मामूच. ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. एक दिवस आपण लिहिलंत, काकूंनी अळणी सोमवार धरले आहेत. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मामीने वाढलेलं ताट माझ्यासमोर होतं. ती एवढंच म्हणाली, “इलियास, उस बाई को तू क्या जवाब देगा?”

त्यानंतर मला तिथे राहणं जमलं नाही. मामूंशी भांडून बोटीत बसलो.

आल्यावर सांगून टाकणार होतो. पण काकूंनी दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आपण मला शेजारी बसवून घेतलंत आणि ओटीवर आपल्यासमोर मी मऊ भात जेवू लागलो. धडधाकट होतो. एका संध्याकाळी भूक सोसवेना म्हणून बाजारात जाऊन तळलेला बोंबील खाल्ला आणि तोंड धुऊन पुन्हा आपल्याकडे भात जेवायला आलो. काकू म्हणाल्या, “बघा, आज भूक लागली पोराला.” फौजदारांकडे आपण गेलात, हे मला नंतर कळलं. तेव्हाही मी गप्प बसलो.

साहेबाला मी सांगितलं, “माझं खरं धरा. गुरुजींना मी फसवलं.” तो म्हणाला, “ते त्यांनी सांगायला हवं. त्यांचं निवेदन मी फाइलमधून काढू शकत नाही.” निर्णय राखून ठेवला आहे. बाहेर येऊन रस्त्यातच आपलं पत्र उघडलं. ‘खरं बोलायला वेगळा तास घेतला नाही’ हे वाक्य वाचलं, पुढचं वाचता आलं नाही.

माफी मागण्याइतकंही तोंड नाही.

इलियास


पनवेल, २० जुलै १९५७

पत्र पोचलं. इकडे पाऊस बरा आहे. चाचणी परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, त्यामुळे सवड नाही.

दा. त्रिं. ओगले


मुंबई, २३ जुलै १९५७

गुरुजी,

आपलं कार्ड मिळालं. त्यावर ‘चि.’ नव्हतं, आशीर्वाद नव्हता आणि खाली पूर्ण सही होती. ती मी आजवर फक्त प्रगतिपुस्तकात पाहिली होती. आपण मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी अर्ज मागे घेणार आहे. वकिलातीतला कारकून म्हणाला, अर्जदाराने माघार घेतली की पुढे कोणी काही विचारत नाही. मला व्हिसा मिळाला नाही तर अभ्यास अडेल, दुसरं काही नाही. आपल्या सहीचा कागद खोटा म्हणून कोणाच्या तरी समोर पडून राहावा, हे मला बघवत नाही. सोमवारी जाऊन लिहून देतो.

अम्मी इथे माझ्याकडे आली होती, तिला मी सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मास्तरांच्या घरावरून जाताना मी आता मान कुठे वळवू?”

इलियास


पनवेल, २८ जुलै १९५७

चि. इलियास,

सोमवारी तू जाशील त्याच्या आत हे हाती पडावं, म्हणून मुंबईला निघालेल्या शेजारच्या काशिरामकडेच देतो आहे. अर्ज मागे घेऊ नकोस. आधी सगळं ऐक.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ते सांगतो. तू कराचीत राहू पाहिलंस याचं दुःख आधी झालं असतं, तर मला बरं वाटलं असतं. आधी वाटलं ते हे, की फौजदारांपासून अमेरिकन साहेबापर्यंत सगळ्यांसमोर माझं हसं झालं. इतकी वर्षं वर्गात सत्यावर बोललो, आणि मनाच्या तळाशी हात घातला तर हाताला लागली ती अब्रू. तुला कार्ड लिहिलं ते त्या भरात. त्या कार्डाची मला लाज वाटते.

मग उठलो आणि ठाण्यात गेलो. तेव्हाचे फौजदार बदलून गेले आहेत. नव्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, “तक्रार कोणाविरुद्ध?” मी म्हटलं, “माझ्याविरुद्ध. चार वर्षांपूर्वी मी इथे खोटं सांगितलं, तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं.” त्यांनी चहा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा कबूल केला, तर आरोपीला बशीभर चहा मिळाला. तुझी चौकशी तेव्हाच मिटली आहे, असं ते म्हणाले. तरी जबाब लिहून घ्या म्हणून मी हट्ट धरला. लिहून घेतला.

गुरुवारी रजा टाकली आणि पहाटेच्या एस.टी.ने मुंबईला गेलो. तुला कळवलं नाही, कारण तू आडवा आला असतास. वकिलातीत मला बसवून ठेवलं. शेजारी सगळी तरणी पोरं, एकेकाच्या केसांना अर्धी बाटली तेल. त्यांना वाटलं असेल, हा म्हातारा आता कोणत्या इयत्तेत निघाला.

साहेबासमोर बसलो. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, क्रियापद शेवटी ठेवायची खोड जात नाही. सांगितलं, “मी लिहिलं ते चूक आहे. मुलाने मला तसं सांगितलं होतं आणि मी विचारून न पाहता सही केली. तो तुम्हाला म्हणाला तेच खरं.” त्याने ते टिपून घेतलं. मग म्हणाला, “ठीक आहे. पण मला ठरवायचं आहे ते निराळंच. हा मुलगा एकदा मुदत संपल्यावर राहिला. शिकून झाल्यावर आमच्याकडून परत जाईल कशावरून?”

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “एकदा राहायला मिळत असताना तो परत आला आहे. बाहेर बसलेल्या पोरांबद्दल तुम्हाला एवढंही माहीत नाही.”

“तो का आला?”

आता याला काय सांगणार? सांगितलं. माझी बायको त्याच्यासाठी सोमवारी बिनमिठाचं जेवत होती, ते त्याला सोसवलं नाही. साहेब म्हणाला, “पण आजार तर खोटा होता.” मी म्हटलं, “जेवण खरं होतं.”

त्याने पेन खाली ठेवलं. शेवटी विचारलं, “मिस्टर ओगले, तुम्ही अजून त्याची हमी घेता?”

मी लगेच उत्तर दिलं नाही, हे तुला कळायला हवं. खिडकीबाहेर पाहत बसलो. तू ओटीवर बसून मऊ भात गिळत होतास आणि मी तुला आणखी वाढत होतो, ते डोळ्यांसमोर आलं. राग आला. मग असं मनात आलं की त्या खोलीत तू ‘नाही’ म्हणालास तर पकडला जाशील असं तुझ्या कोऱ्या पासपोर्टावर काहीच नव्हतं, आणि तू ‘हो’ म्हणालास तेव्हा माझ्या दाखल्याची तुला वार्ताही नव्हती. मी साहेबाला म्हटलं, “तापाची हमी घेत नाही. त्याची घेतो.” त्याने ते लिहायला सांगितलं आणि मी सही केली. या वेळी सही करताना हात जरा थांबला. सही अशीच करायची असते, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर समजलं.

निकाल काय द्यायचा तो ते देतील.

आता तुझ्या काकूचं. मी आल्या आल्या तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तो आजारी नव्हता.” मी म्हटलं, “नव्हता.” ती म्हणाली, “बरं झालं.” मला वाटलं, एवढ्यावर भागलं. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, “तुम्ही त्याला पत्र लिहाल. तो उत्तर पाठवेल, त्यात माझ्यासाठी चार ओळी घालील. त्या मला वाचून दाखवू नका. त्याला बोलता येतं ना?”

तिचा निरोप जसाच्या तसा कळवला. त्यात माझा एकही शब्द नाही.

आशीर्वाद आहेत.
दाजी मास्तर


मुंबई, २ ऑगस्ट १९५७

गुरुजींना सलाम.

काशिरामने पत्र रविवारी रात्री आणून दिलं. सोमवारी मी वकिलातीत गेलो नाही. आज त्यांनीच बोलावलं. व्हिसा मिळाला. बोट महिनाअखेरीला आहे. साहेबाने पासपोर्ट परत देताना मुदतीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मीही मान खाली घालून ती तारीख वाचली. आनंद व्हायला हवा होता. जिना उतरताना मात्र आपण त्या बाकावर तरण्या पोरांच्या रांगेत बसला असाल तेच दिसत राहिलं.

मी येतो आहे. रविवारी सकाळच्या गाडीने, अम्मीकडे न जाता आधी आपल्याकडे. काकूंसमोर काय बोलायचं ते काल लिहून पाहिलं. तीनचार वाक्यं चांगली जमली होती, म्हणून फाडून टाकली.

अम्मीने पनवेलहून निरोप पाठवला आहे, आपल्याकडे यायला मीही बरोबर येते. तिला नको म्हटलं आहे.

आपल्याला एकच विनंती. कडी वाजली तर दार आपण उघडू नका.

इलियास